सोबत्याचा बैल आजारी पडला तर

शेतकऱ्याच्या घरी बैलाचे मोल काय असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपला परभणी जिल्हा काळ्या मातीचा. गोदाकाठचे गंगाखेड घ्या, नाही तर डोंगराकडचे जिंतूर घ्या. ट्रॅक्टर आले, तरी दावणीला जोडी बांधणारी घरे अजून आहेत. लाल कंधारी बैल तर आपल्या भागाची शान. पोळ्याच्या आदल्या सांजेला आपण त्याचे खांदे तूप-हळदीने मळतो. पोळ्याच्या दिवशी आधी त्याला पुरणपोळी, मग आपल्याला.

असा बैल एक दिवस वैरणीला तोंड लावत नाही. कान पाडून उभा राहतो. डोळ्यांतून पाणी गळते. धनी त्याच्या पाठीवर हात ठेवतो, तर अंग तव्यासारखे तापलेले. मग त्या माणसालाही घास गोड लागत नाही. रात्री तो गोठ्यातच घोंगडी टाकतो. पेरणी तोंडावर असते. नवा बैल घ्यायचा तर पैसा कुठला? आणि पैशाचेच तरी काय, ज्याला हाताने चारले त्याचे हाल बघवत नाहीत.

तो माणूस आपला दोस्त आहे. अशा वेळी आपण काय करावे? आपल्याला डॉक्टरकी येत नाही. आपल्या खिशातही फार नसते. मग आपला उपयोग काय? आम्ही म्हणतो, उपयोग मोठा आहे. तो कसा, ते आता पाहू.

भीती कशाची आणि किती

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात गाई-बैलांना लंपी हा आजार दिसू लागला. थोड्याच आठवड्यांत तो राज्यभर पसरला. मराठवाडाही सुटला नाही. सप्टेंबरात सरकारने जनावरांचे बाजार बंद केले, जनावरांची ने-आण थांबवली. हा आजार आपण उदाहरणासाठी घेऊ, कारण दोस्ती कसाला लागते ती अशाच साथीत.

साथ आली की माणूस घाबरतो. ज्याच्या गोठ्यात आजार शिरला, त्याच्या दाराकडे फिरकत नाही. कुणी म्हणतो, "तिकडं जाऊ नका, आपल्याला बी होईल." कुणी म्हणतो, "त्याच्या घरचं दूध घेऊ नका." आधीच दुःखात असलेला माणूस मग एकटा पडतो.

यातली खरी भीती कोणती, खोटी कोणती, हे नीट समजून घ्या.

लंपी हा विषाणूचा आजार आहे. तो गाई-बैलांना होतो, कधी म्हशीलाही होतो. माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायला हरकत नाही. ही झाली खोटी भीती. ती टाकून द्या.

आता खरी भीती. आजारी जनावराला चावलेली माशी, डास, गोचीड निरोगी जनावराला चावली की आजार पुढे जातो. आजारी जनावराची लाळ, नाकाचे पाणी, फुटलेल्या गाठी, पाण्याची भांडी यांतूनही तो पसरू शकतो. गाठीवरच्या खपलीत विषाणू बरेच दिवस जिवंत राहतो. म्हणून आजारी बैल वेगळा बांधावा. त्याची घमेली, बादली, दावे दुसऱ्या गोठ्यात नेऊ नये. आपण त्याला हात लावला असेल, तर साबणाने हात-पाय धुवावेत, कपडे बदलावेत, मगच आपल्या दावणीकडे जावे.

एवढे केले की झाले. अंतर जनावरांत ठेवायचे आहे, माणसांत नाही. दोस्ताच्या घरी जा. ओसरीवर बसा. त्याच्या घरचा चहा प्या.

पहिले काम डॉक्टरचे

गोठ्यात माणसे जमली की सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, "डाग द्या." दुसरा म्हणतो, "काढा पाजा." तिसरा म्हणतो, "माझ्या मेव्हण्याचा बैल असाच गेला." घाबरलेला धनी सगळ्यांचे ऐकतो आणि त्यात एक दिवस निघून जातो. दोस्ताचे पहिले काम म्हणजे हा दिवस वाचवणे.

त्याला म्हणावे, "तू बैलाजवळ थांब, डॉक्टरला मी बोलावतो." जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप द्यावा. १९६२ या नंबरवर फोन लावला तर पैसे पडत नाहीत. तिथे गाव, तालुका, जनावर आणि लक्षणे सांगावीत. म्हणून आधी नीट पाहून घ्या. खाणे कधीपासून बंद आहे? पाणी पितो का? शेण कसे पडते? अंगावर गाठी आहेत का? पायाला सूज आहे का? तापमापक असेल तर ताप किती? निरोगी बैलाचे अंग सुमारे १०१ ते १०२ अंश असते. १०४ च्या पुढे गेले तर ताप मोठा. हे सगळे कागदावर लिहून ठेवा. आता आपल्याला लिहिता येते. ते अशा वेळी कामाला यावे.

परभणी शहरात १९७२ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या दवाखान्यात बाहेरची जनावरे तपासतात. मोडलेले हाड, अडलेली गाय, अशा वेळी टेम्पोत घालून तिथे नेता येते. पण लंपीसारखी साथ असेल, तर जनावर हलवू नये. डॉक्टरलाच गोठ्यात आणावे. साथीचा आजार लपवूही नये. ग्रामपंचायतीला किंवा दवाखान्याला तो कळवावा, असा २००९ सालचा कायदाच आहे. कळवले की गावातल्या बाकीच्या जनावरांना वेळेवर लस मिळते.

डाग देऊ नका. तापलेल्या लोखंडाने आजार जात नाही, वर जखम होते. बांबूच्या नळकांड्याने जबरदस्तीने काढा ओतू नका. अशक्त जनावराच्या घशातून तो फुप्फुसात उतरतो आणि जनावर दगावते.

हाताची मदत

लंपीच्या विषाणूला मारणारे खास औषध नाही. डॉक्टर ताप उतरवतो, जखमा चिघळू नयेत म्हणून औषध देतो. बाकी सारे सेवेवर असते. चांगली सेवा झाली तर बहुतेक जनावरे बरी होतात. लहान वासरे आणि अशक्त जनावरे जास्त दगावतात. म्हणून इथे हाताची गरज फार.

आजारी बैलाला सावली पाहिजे. खाली कोरडा, मऊ पसारा पाहिजे. दिवसातून अनेक वेळा ताजे पाणी पुढे धरावे लागते. कडबा चावत नसेल तर कोवळे हिरवे गवत द्यावे लागते. माशा बसू नयेत म्हणून सांजेला कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करावा. जखमा डॉक्टरने सांगितल्या औषधाने धुवाव्यात.

आणि बैल बसला, उठेनासा झाला, तर? एकाच कुशीवर पडून राहिला तर खालचा पाय दबतो, कातडी सोलते. दर दोन-तीन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. हे एका माणसाचे काम नाही. तीन-चार गडी लागतात, रात्री सुद्धा. ज्यांच्या घरी जनावरे नाहीत, त्यांनी इथे पुढे व्हावे. त्यांना कसलीच भीती नाही. एक पाळी तुमची, एक माझी, असे ठरवून घ्यावे. धन्याला सांगावे, "तू चार तास झोप. काही झालं तर उठवतो." जागरणाने थकलेल्या माणसाला ही चार तासांची झोप कुठल्याही शब्दांपेक्षा मोठी.

गोठ्याइतकेच शेतही आहे. आपल्याकडे इर्जिकीची चाल जुनी. एकाचे काम अडले की बाकीचे आपापले औत घेऊन त्याच्या रानात उतरायचे आणि तो त्यांना जेवू घालायचा. आजही दोस्ताची पेरणी अडली असेल, तर एक दिवस आपले औत त्याच्या रानात घाला. मात्र बैल आखाड्यावर, आजारी जनावराजवळ बांधू नका. साथ जोरात असेल तर बैल घरीच ठेवा आणि चार जण मिळून ट्रॅक्टरचे भाडे द्या.

काय बोलावे, काय बोलू नये

"काही होत नाही, उद्या उभा राहील," असे उगीच म्हणू नका. आपल्याला ते माहीत नसते. उद्या तो उभा राहिला नाही, तर आपल्या बोलण्यावरचा त्याचा विश्वास जाईल. त्याऐवजी म्हणावे, "आजार मोठा आहे. जे करायचं ते आपण करतोय. मी इथंच आहे."

"आधीच लस का टोचली नाही?" हे विचारण्याची ही वेळ नव्हे. ते त्याच्या मनाला आधीच टोचत असते. लसीची गोष्ट बाकीच्या जनावरांसाठी करा. ती लस निरोगी जनावराला देतात. कुणाला द्यावी, कधी द्यावी, ते डॉक्टरला विचारा.

आणि "जनावरच तर आहे," हे तर कधीच बोलू नका. घरच्या बाईने त्याला रोज भाकरीचा तुकडा चारलेला असतो. पोरांनी त्याला नाव ठेवलेले असते. त्यांनाही दोन शब्द विचारा.

कधी डॉक्टरच सांगतो की आता आशा नाही. धनी ते ऐकतो, पण त्याच्या डोक्यात शिरत नाही. तेव्हा जवळ उभे राहून आपण विचारावे, "डॉक्टरसाहेब, त्याला त्रास कमी व्हावा म्हणून काय करता येईल?" दोस्ताच्या तोंडून न निघणारा प्रश्न आपण विचारायचा.

बैल गेला तर

सेवा करूनही बैल जातो. त्या वेळी धन्याला काही सुचत नाही. म्हणून पुढची कामे आपण उचलावीत.

आधी दवाखान्यात आणि ग्रामपंचायतीत कळवावे. डॉक्टर येऊन पाहील, पंचनामा होईल. त्याआधी पुरण्याची घाई करू नये. कानातल्या बिल्ल्यावर १२ आकडी नंबर असतो, तो लिहून ठेवावा. फोटो काढून ठेवावा. २०२२ मध्ये लंपीने जनावर दगावले तर सरकारने गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरवली होती. आता कोणती मदत चालू आहे, ते दवाखान्यात विचारावे. अर्ज लिहायला, कागद जोडायला, तालुक्याला खेटे घालायला त्याच्यासोबत जावे. दुःखात माणसाकडून मुदत टळते आणि हक्काचा पैसा बुडतो.

मेलेले जनावर नदीत, ओढ्यात किंवा उघड्यावर टाकू नये. विहिरीपासून लांब, किमान ८ फूट खोल खड्डा घ्यावा, चुना टाकून पुरावे. तो खड्डा धन्याला खणू देऊ नका. मातीची एक मूठ मात्र त्याला टाकू द्या. नारळ फोडायचा असेल तर फोडू द्या.

मग माणसे आपापल्या घरी जातात. गोठ्यात जोडीतला दुसरा बैल एकटा उभा असतो. रिकाम्या दाव्याकडे बघून धनी रोज सांजेला गप्प होतो. खरी सोबत इथे लागते. आठ दिवसांनी जा, महिन्याने जा. त्या बैलाची गोष्ट निघाली तर विषय बदलू नका. तो किती ताकदीचा होता, चिखलातून गाडी कशी काढायचा, ते त्याला सांगू द्या. घाईने "दुसरा घे" म्हणू नका. त्याचे मन झाले म्हणजे तोच म्हणेल, "चल, बाजारला येतोस का?" तेव्हा मात्र नाही म्हणू नका.

बैलच पाहिजे, असे नाही. विधवा बाईची एकुलती शेळी असेल, राखणीचा कुत्रा असेल, शहरातल्या एखाद्या पोराचे काचेच्या पेटीतले कासव असेल. ज्याने जीव लावला, त्याचे दुःख त्याच्यापुरते मोठेच असते. जनावर लहान की मोठे, हे मोजत बसू नका. डॉक्टर गाठून द्या, रात्रीची एक पाळी उचला आणि खरे बोला.

लक्षात ठेवा

१. लंपी माणसाला होत नाही. दोस्ताच्या घरी जा.
२. आजारी बैलाला हात लावला तर हात-पाय धुऊन, कपडे बदलून मगच आपल्या गोठ्यात जा.
३. डाग देऊ नका, जबरीने काढा पाजू नका. १९६२ वर फोन लावा.
४. सल्ला कमी द्या, जागरणाची पाळी घ्या.
५. बैल गेला तर कागदपत्रांना सोबत जा आणि महिन्याने पुन्हा त्याच्या ओसरीवर जाऊन बसा.