त्रासदायक जाहिराती आणि ग्राहकाची खरेदीची इच्छा

प्रस्तावना : ग्राहकाच्या मनात वस्तूविषयी इच्छा निर्माण करणे हा जाहिरातीचा मूळ हेतू होय. तथापि तीच जाहिरात त्रासदायक ठरल्यास काय घडते, हा प्रश्न वाणिज्य व मानसशास्त्र या दोन्ही शाखांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

विवेचन : परिचयाने पसंती वाढते, असे रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये प्रतिपादन केले. जाहिरातीच्या पुनरावृत्तीस त्यातून आधार मिळतो. याउलट जॅक ब्रेम यांच्या १९६६ मधील सिद्धांतानुसार निवडस्वातंत्र्यावर दडपण जाणवताच व्यक्ती प्रतिकारास प्रवृत्त होते. त्रासलेला ग्राहक वस्तूचे नाव विसरत नाही. परंतु पर्याय उपलब्ध असल्यास तिकडे वळू शकतो. साबणासारख्या अल्पमोली वस्तूंत नुसते नाव आठवणेही कधी विक्रीस पुरते. विमा किंवा कर्ज यांत मात्र विश्वास आवश्यक असल्याने हानीचा संभव अधिक असतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ मध्ये नकोशा व्यावसायिक दूरध्वनींबाबत विनियम केले आणि २०१८ च्या विनियमांत ग्राहकाच्या संमतीची डिजिटल नोंद अंतर्भूत केली, ती याच त्रासाची दखल होय.

निष्कर्ष : सारांश, जाहिरातीचे यश केवळ स्मरणावरून ठरविणे अपुरे आहे. खरेदीची इच्छा स्वतंत्रपणे मोजली जावी आणि वाणिज्याच्या अध्यापनातही हा भेद विद्यार्थ्यांपुढे स्पष्टपणे मांडला जावा.