जाळ्यातले डॉल्फिन

डॉल्फिन पाण्यात राहतो, पण श्वास आपल्याप्रमाणे हवेतच घेतो. जाळ्यात गुरफटून वर येता आले नाही, की तो गुदमरतो. पूर्व प्रशांत महासागरात असे लाखो डॉल्फिन मेले. तेथे टूना, म्हणजे आपल्याकडील कुपा, डॉल्फिनांच्या कळपाखालून पोहतो. म्हणून १९६० च्या सुमारास मच्छीमार डॉल्फिन हेरून त्यांच्याभोवतीच जाळे टाकू लागले. कोकणात ज्यास पर्ससीन म्हणतात, त्याच जातीचे हे जाळे. तळाची दोरी ओढली की बटव्यासारखे आवळले जाते.

उपायही त्या मच्छीमारांनीच शोधला. जाळे अर्धे ओढून झाले की जहाज मागे घ्यावयाचे. मग जाळ्याची पलीकडची कड पाण्याखाली जाते, डॉल्फिन तिच्यावरून निसटतात आणि खोल असलेला कुपा आतच राहतो. त्या कडेला बारीक आसाचे, म्हणजे लहान भोकांचे, जाळे जोडले. त्यात डॉल्फिनची चोच अडकत नाही.

तरीही १९८६ साली सुमारे १ लाख ३० हजार डॉल्फिन दगावले. युक्ती ठाऊक असणे निराळे आणि प्रत्येक खेपेस ती पाळणे निराळे! १९९२ च्या ला होया करारानंतर मोठ्या जहाजांवर निरीक्षक आले, प्रत्येक जहाजास मृत्यूंची मर्यादा ठरली. त्या दशकाच्या अखेरीस वर्षाचा आकडा दोन हजारांच्या आत आला.

घटलेले कळप भरून येण्यास वेळ लागत आहे. पण मासेमारी चालू राहिली आणि हजारो जीवही वाचले. आम्हांस वाटते, युक्तीला हिशेबाची जोड मिळाली म्हणूनच हे घडले.