जन्म आणि मरण यांच्या मधला येशू कुठे गेला?

ख्रिस्ती धर्म सांगतो की देव एकच आहे, पण तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रैक्य आहे. हे तिघे म्हणजे तीन देव नव्हेत, आणि एकाच देवाची तीन सोंगेही नव्हेत. ईश्वर न मानणाऱ्या आमच्यासारख्या बौद्धांना हे कोडेच वाटणार. परंतु टिंगल करून ते बाजूला सारणे योग्य नव्हे. एका महामानवाच्या पश्चात त्याचे अनुयायी त्याचे काय करतात, हा मोठा प्रश्न या कोड्यामागे उभा आहे.

चौथ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात एरियस नावाच्या धर्मगुरूने वाद उपस्थित केला. पुत्राला पित्याने निर्माण केले, म्हणजे पुत्र नव्हता असाही काळ होता; तेव्हा तो कितीही श्रेष्ठ असला तरी पित्याच्या बरोबरीचा नाही, असे त्याचे म्हणणे. यावर अथानासियस आणि त्याच्या बाजूचे विचारत, जो स्वतःच निर्मिलेला आहे, तो दुसऱ्याला कसा तारणार? दोन्ही बाजूंचा युक्तिवाद पोकळ नव्हता.

निवाडा कोणी केला? इ. स. ३२५ मध्ये रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने निकिया येथे, म्हणजे तुर्कस्तानातील आजच्या इझनिकला, सुमारे ३०० बिशपांची परिषद भरवली. पुत्र हा पित्याशी 'होमोऊसियोस', म्हणजे एकाच तत्त्वाचा आहे, असे ठरले. हा शब्द बायबलमध्ये कुठेही नाही! एरियस हद्दपार झाला आणि त्याचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. ज्या रोमन सत्तेने येशूला क्रुसावर दिले, त्याच सत्तेच्या बादशहाने तीनशे वर्षांनी, येशू कोण होता हे ठरवायला सभा बोलावली. आणि त्या बादशहाचा स्वतःचा बाप्तिस्माही तेव्हा झालेला नव्हता. तो ३३७ मध्ये मरणशय्येवर झाला, आणि तोही एरियसची बाजू घेणाऱ्या बिशपाच्या हातून!

पुढे वारे फिरत राहिले. अथानासियसलाही पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. अखेर ३८० मध्ये बादशहा थिओडोसियसने त्रैक्याचा विश्वास राजाज्ञेने लागू केला. १५५३ साली जिनिव्हात मायकेल सर्व्हेटसला त्रैक्य नाकारल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले. वकिली करताना आम्ही पाहतो की कायद्यातल्या एका शब्दावर माणसाचे घर जाते किंवा राहते. पण तिथे निदान अपील असते. राजसत्तेने धर्माचा शब्द हाती घेतला की अपील संपते.

मात्र आमचा मुद्दा याहून वेगळा आहे. निकियाचा तो विश्वासांगीकार वाचून पाहा. पुत्र खाली उतरला, मनुष्य झाला, त्याने दुःख सोसले आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, असे त्यात आहे. मग मधल्या आयुष्याचे काय? डोंगरावरचे प्रवचन, जकातदारांच्या पंक्तीला बसणे, कुष्ठरोग्याला हात लावणे, मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथणे, यांबद्दल त्यात एक अक्षर नाही! ख्रिस्ती बांधव म्हणतील की तो मजकूर एका वादापुरता होता, शिकवण शुभवर्तमानांत आहेच. हे खरे आहे. पेरूच्या गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९७१ मध्ये मुक्तीचे ईश्वरशास्त्र मांडले, ते याच त्रैक्यावर विश्वास ठेवून. पण पिढ्यान्‌पिढ्या उपासनेत तोंडपाठ म्हटला गेला तो विश्वासांगीकार. 'तो कोण होता' याची कबुली दिली की 'त्याने काय सांगितले' हे टाळणे सोपे होते.

महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त येशूला बळीराजा म्हटले. तत्त्व एक की भिन्न या वादात ते पडले नाहीत. येशू कोणाच्या बाजूने उभा राहिला, एवढेच त्यांनी पाहिले. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नेमका फरक दाखवला आहे. येशूने स्वतःला देवपुत्र म्हटले. बुद्धाने मात्र आपल्या धम्मात स्वतःसाठी कोणतेही स्थान मागितले नाही. ते मार्गदाते होते, मोक्षदाते नव्हते.

पण वाचकहो, निकियाकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आमच्याकडे वळतात. आम्ही १४ एप्रिलला जयंती करतो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर नतमस्तक होतो. जन्म झाला, महापरिनिर्वाण झाले. मधली ६५ वर्षे, तो अभ्यास, ते ग्रंथ, तो संघर्ष आमच्या किती घरांत उघडला जातो? मार्ग दाखवणाऱ्याला देव्हाऱ्यात बसवले की मार्ग चालण्याची जबाबदारी संपते. १७०० वर्षांपूर्वीच्या त्या परिषदेपासून आम्ही घ्यावयाचा धडा हाच आहे.

जयभीम!