भूक मोजण्याचा दिवस

सकाळी ७ : प्राणिगृहात दिवे लागतात. उंदीर निशाचर, रात्रभर खाऊन आता अंगाचं मुटकुळं करून निजतात. उरलेल्या खाद्याच्या गोळ्या काट्यावर ठेवते, सांडलेला चुराही गोळा करून तोलते. नाहीतर न खाल्लेलं खाल्लेल्यात धरलं जातं.

सकाळी १० : उंदरांची पोटं भरलेली असतानाच प्रयोग करायचा. मेंदूत आधी बसवलेल्या बारीक नळीतून काहींना न्यूरोपेप्टाइड वाय देते, काहींना नुसतं सलाइन. ३६ अमिनो आम्लांचा हा रेणू १९८२ साली तातेमोतो आणि मुट यांनी स्वीडनमध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळा काढला.

सकाळी ११ : सलाइनवाले निजलेलेच. बाकीचे उपाशी असल्यासारखे गोळ्या कुरतडतायत. पोट भरलेलं, खाद्य नेहमीचंच. बदलला तो मेंदूतला निरोप. वहीत आकडे उतरवते.

दुपारी १ : डबा. पोळी-भाजी पोटात गेली की आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन सुटतं आणि व्हेगस मज्जातंतूमार्फत ‘पुरे’ असं कळवतं. त्याला थोडा वेळ लागतो, म्हणून विद्यार्थ्यांना घाईनं जेवू देत नाही.

दुपारी ३ : मायक्रोस्कोपखाली मेंदूचे ३० मायक्रॉनचे काप. हायपोथॅलॅमसच्या तळाशी आर्क्युएट केंद्रक दिसतं. तिथे दोन प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी नांदतात. पहिल्या न्यूरोपेप्टाइड वाय आणि एजीआरपी सोडून भूक चेतवतात. दुसऱ्या अल्फा-एमएसएच सोडून ती आवरतात. रिकाम्या जठराचं घ्रेलिन पहिल्यांना जागं करतं. चरबीतून येणारं लेप्टिन त्यांना शांत करतं आणि दुसऱ्यांना बळ देतं.

संध्याकाळी ५ : विद्यार्थ्यांबरोबर वाचन. आज केंब्रिजच्या संशोधकांचं काम घेतलं. १९९७ साली त्यांना अतिशय लठ्ठ अशा दोन चुलत भावंडांत लेप्टिनच्या जनुकाचा दोष सापडला. त्यांतल्या मुलीला पुढे लेप्टिनची इंजेक्शनं दिली. तिचं अनावर खाणं आवरलं, वजन उतरू लागलं. असा दोष फार विरळा; पण तोवर त्या मुलांना कितीही रागावून काय उपयोग झाला असता?

संध्याकाळी ७ : दिवे बंद होतात. ताजं खाद्य तोलून ठेवते. उंदरांची भूक इथे अशी मोजली जाते; पण वजनाच्या तक्रारीनं दवाखान्यात येणाऱ्या माणसाला आपल्याकडे अजूनही आधी ‘तोंडावर ताबा ठेवा’ हेच ऐकावं लागतं. आधी त्याच्या भुकेविषयी विचारा: कधी लागते, किती लागते, जेवल्यावर शमते का. उपचाराची सुरुवात तिथून व्हायला हवी.