बुरसट धान्य आणि शरीराची संरक्षणशक्ति

ओलसर शेंग किंवा कणीस कोठारांत गेलें, कीं त्यावर अस्परजिलस जातीची पिवळसर हिरवी बुरशी वाढते व अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न करते. इ. स. १९७४ सालीं राजस्थानांतील बांसवाडा व गुजराथेंतील पंचमहाल या जिल्ह्यांत अवेळीं झालेल्या पावसानें मका बिघडला. तो खाऊन यकृताच्या विकारानें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं.

परंतु थोडें थोडें पोटांत जाणारें विषही निरुपद्रवी नव्हे. रोगजंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्या रक्तांत असतात. आफ्रिकेंतील घाना देशांतील लोकांचें रक्त तपासून इ. स. २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसलें, कीं ज्यांच्या रक्तांत या विषाच्या खुणा अधिक, त्यांच्यांत जंतुग्रस्त पेशींचा नाश करणारें द्रव्य बाळगणाऱ्या पेशींचें प्रमाण कमी होतें. म्हणजे वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाचीही प्रतिकारशक्ति आंतून खचत असण्याचा संभव आहे.

शिजविल्यानें वा भाजल्यानें हें विष पुरतें जात नाहीं. यास्तव शेंगा दाणा खुळखुळेपर्यंत वाळवाव्या. फुटक्या, किडक्या व सुरकुतलेल्या वेगळ्या काढाव्या. असा माल घरच्या चटणींत, गड्याच्या वांट्यांत किंवा गाईच्या आंबोणांत घालूं नये. दुधांतूनही विषाचा अंश उतरतो. चांगला माल बाजारांत व डागी माल घरांत, ही चाल सोडावी. तिनें वांचलेले चार पैसे लेंकरांच्या प्रकृतीनें फेडावे लागतात.