विश्लेषण : काल बसलेला नेम आज का चुकतो? तिरंदाजीत दोष धनुष्याचा की हाताचा?

बर्लिन येथे ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंड प्रकारातील अंतिम लढतीत १५ पैकी १५ बाण १० गुणांच्या वर्तुळात मारले. साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामीही याच स्पर्धेत जगज्जेती ठरली. अहिल्यानगर जिल्ह्यात धनुष्य हाती घेणाऱ्या मुलामुलींपुढे हा आदर्श आहे. मात्र सरावात सतावणारा प्रश्न साधाच असतो. काल जमलेला नेम आज का चुकतो? अशा वेळी पालक महागड्या नव्या धनुष्याची चौकशी करू लागतात आणि मुलाचा आत्मविश्वास खचतो. खरे कारण बहुतेकदा लक्ष्याच्या कागदावरच दिसते.

एका मिलिमीटरने किती फरक पडतो?

ऑलिम्पिकमधील रिकर्व्ह प्रकारात ७० मीटरवरून नेम धरतात. तेथे १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास १२.२ सेंटिमीटर असतो. दोरी ओढून हनुवटीखाली टेकवताना हात एक मिलिमीटर खाली-वर झाला, तरी बाण सुमारे ८ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे वर्तुळाबाहेर जातो. ३० मीटरवर हाच फरक साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे जवळून न दिसणारी चूक अंतर वाढताच उघडी पडते.

बाणांचा 'ग्रुप' काय सांगतो?

सगळे बाण जवळजवळ, पण केंद्रापासून दूर लागत असतील, तर हात ठीक आहे, 'साइट' बदलावी. बाण डावीकडे जात असतील तर साइट डावीकडे, वर जात असतील तर वर सरकवावी. बाण उभ्या रेषेत विखुरले, तर दोरी दर वेळी सारखी ओढली जात नाही, टेकवण्याची जागा बदलते किंवा बाण सुटताच धनुष्याचा हात खाली येतो. आडवे विखुरले, तर मुठीत धनुष्य पिळले जाते किंवा दोरी सोडताना बोटे बाहेर जातात. सुरुवातीचे बाण चांगले आणि नंतरचे विस्कळीत असतील, तर धनुष्य ताकदीपेक्षा जड आहे का, हे पाहावे. रिकर्व्हच्या पात्रता फेरीत ७२ बाण मारायचे असतात.

एकच बाण भरकटत असेल तर?

बाणांना क्रमांक द्यावेत आणि कोणता कुठे लागला, हे काही फेऱ्या टिपावे. ठरावीक क्रमांकाचाच बाण चुकत असेल, तर दोष त्याच बाणात आहे : सैल टोक, तडकलेला नॉक किंवा फाटलेले पीस. तडा गेलेला कार्बनचा बाण वापरूच नये. सुटताना तो फुटून हाताला इजा होऊ शकते.

धनुष्यात काय तपासावे?

रिकर्व्हमध्ये दोरी आणि मूठ यांतील अंतर रोज मोजावे. दोरी ताणली गेली की ते कमी होते. दोरीला पीळ देऊन ते पूर्ववत करता येते. बाण दोरीवर जिथे बसतो, ती खूण सरकली आहे का आणि साइटचे स्क्रू घट्ट आहेत का, हेही पाहावे.

हवामानाचा परिणाम होतो का?

होतो. अकोल्याच्या डोंगराळ भागातील पावसाळ्यात बांबूचे धनुष्य ओल धरते आणि त्याची ताकद घटते. ते कोरड्या जागी, दोरी उतरवून ठेवावे. नगर, पाथर्डीच्या उन्हाळ्यात बंद गाडीत साहित्य ठेवल्यास बाणाच्या टोकाचा गोंद सैल होऊ शकतो.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी?

आधी बाण, मग धनुष्य, शेवटी हाताची पद्धत. एका वेळी एकच बदल करावा, त्यानंतर किमान तीन-चार फेऱ्या माराव्यात आणि निकाल वहीत लिहावा. दोन बदल एकाच वेळी केले, तर कशामुळे सुधारणा झाली, हे कळत नाही. एका चुकलेल्या बाणावरून साइट हलवू नये. ही तपासणी पूर्ण होईपर्यंत नव्या धनुष्याचा खर्च थांबवलेला बरा.