सहा मात्रांचा आधार

अंबाजोगाई परिसरातील एक निवृत्त शिक्षक कंपवाताच्या उपचारांसाठी माझ्या दवाखान्यात येतात. औषधांनी हातांची थरथर आटोक्यात होती. परंतु उंबरठ्याशी येताच त्यांचे पाय जमिनीला खिळत. शरीर पुढे झुके आणि पाय मात्र हलत नसत. अशा अवस्थेत ते दोनदा पडले. दुसऱ्या वेळी सावरायला धावलेल्या पत्नीचेही मनगट मुरगळले. "डॉक्टरसाहेब, रात्री यांनी कूस बदलली तरी मला जाग येते," असे त्या म्हणाल्या, तेव्हा आपल्यापुढे दोन रुग्ण बसले आहेत, हे मला उमगले.

त्यांना आधार मिळाला तो नातीच्या वहीतून. ती तबल्याच्या प्रारंभिक परीक्षेची तयारी करत होती. तिने दादरा तालाचा ठेका मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला होता :

धा धी ना । धा ती ना
×            ०

मात्रा सहा, विभाग दोन. पहिल्या मात्रेवर सम, म्हणजे टाळी. तिची खूण फुली. चौथ्या मात्रेवर खाली. तेथे टाळी न देता हात बाजूला न्यायचा. तिची खूण शून्य. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लेखनपद्धतीतील या खुणा आहेत. या पद्धतीत एका मात्रेत दोन अक्षरे बसवायची असल्यास त्यांच्याखाली अर्धचंद्र काढतात. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या पद्धतीत समेला १ हा आकडा आणि खालीला अधिकचे चिन्ह असते. शिकताना कोणतीही एकच पद्धत धरावी, म्हणजे गोंधळ होत नाही.

बीड जिल्ह्याला ताल परका नाही. अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावचे पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर यांचे नाव संगीतक्षेत्रात आदराने घेतले जाते. हरिनाम सप्ताहात टाळ धरलेले हात तर गावोगावी आहेत. आमच्या गुरुजींचे हातही त्यांतलेच. कानाला ओळखीचा असलेला ताल त्यांनी प्रथमच कागदावर वाचला, तोंडाने म्हटला आणि मांडीवर वाजवला. "आजोबा, खाली चुकली तुमची," असे नात दटावी आणि ते पुन्हा समेपासून आरंभ करीत.

या खटाटोपाला वैद्यकीय अर्थ आहे. चालण्याची लय राखण्यात मेंदूच्या ज्या भागाचा वाटा असतो, तोच कंपवातात दुर्बळ होतो. बाहेरून ऐकू येणारा नियमित ठोका पावलांना दुसरा आधार पुरवतो. अमेरिकेतील मायकेल थॉट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंपवाताच्या रुग्णांनी तीन आठवडे ठोक्याबरोबर चालण्याचा सराव केला, तेव्हा त्यांचा वेग वाढला आणि पावले लांब पडू लागली. कंपवात नसलेल्या ज्येष्ठांसाठीही आशादायक पुरावा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जिनिव्हातील अभ्यासात ६५ वर्षांवरील १३४ व्यक्तींचा समावेश होता. संगीताच्या लयीत चालण्याच्या आणि हालचाली करण्याच्या सहा महिन्यांच्या साप्ताहिक वर्गामुळे सहभागींचा तोल सुधारला व पडण्याचे प्रमाण घटले.

घरी आरंभ करायचा असेल, तर पाठीला टेकू असलेल्या खुर्चीवर बसावे. प्रथम एक ते सहा आकडे संथपणे मोजून एकवर टाळी द्यावी आणि चारवर हात बाजूला न्यावा. ते जमले की आकड्यांऐवजी बोल म्हणावेत. मग ठेका ठसठशीत अक्षरांत स्वतः लिहावा आणि शेवटी वही मिटून म्हणावा. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे पुरेत. बोटांचे सांधे दुखत असल्यास तबल्याचा आग्रह नको. मांडीवर तळहात पुरेसा आहे. ऐकू कमी येत असल्यास शुश्रूषा करणाऱ्याने खांद्यावर हलकेच ठोका द्यावा.

बोलांवर चालण्याचा सराव मात्र डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच करावा, आणि सोबतीला माणूस असावे. पहिले पाऊल उजवे टाकल्यास समेवर उजवे आणि खालीवर डावे पाऊल येते. लय वाढवण्याची घाई करू नये. दुगुन बसूनच म्हणावी. चक्कर येत असेल किंवा नुकतेच पडणे झाले असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी. औषधांच्या वेळा चुकवू नयेत. तालाने कंपवात बरा होत नाही.

गुरुजींचाही झालेला नाही. गेल्या वर्षभरात त्यांचा आवाज क्षीण झाला आहे, बोल मध्येच विरतात. आता उंबरठ्याशी आले की त्यांच्या पत्नी शेजारी उभ्या राहून म्हणतात, "अहो, उजवा पाय... धा." बहुतेक वेळा पाऊल उचलले जाते. ज्या दिवशी उचलले जात नाही, त्या दिवशी दोघे तिथेच थांबतात, एक आवर्तन सोडतात आणि पुढच्या समेची वाट पाहतात. त्यांना ओढावे लागत नाही, त्यामुळे बाईंचे मनगट आता सुरक्षित आहे. आणि रात्री थोडी झोपही लागते, असे त्यांनी मला परवा आवर्जून सांगितले.